मानेचं हाड मोडलं म्हणजे माणूस संपला?

आमच्या वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मानेचं वरचं हाड मोडलं की माणूस गेलाच. ऑपरेशन केलं तर मान कायमची जाम. हातपाय हलत असतील तर हाड मोडलेलंच नाही, मान बसवून घ्या.’ शेवटचं वाक्य जीव घेणारं आहे, म्हणून आधी तेच.

गेल्या पावसात आमचे ७४ वर्षांचे काका पडवीत घसरले. उठले, खुर्चीत बसले, चहाही मागितला. फक्त डोकं दोन्ही तळव्यांत धरून होते, भरली कळशी सांभाळावी तसं. शेजारचे एकजण मान बसवायला सरसावले. काकीने हात धरला त्यांचा. गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात सीटी स्कॅनमध्ये दिसलं की दुसऱ्या मणक्याचा सुळका, म्हणजे वर पहिल्या मणक्याच्या कड्यात शिरणारा दातासारखा भाग, बुडाशी मोडलाय. मग हातपाय कसे चालत होते? पहिल्या मणक्याच्या कड्यात ढोबळमानाने एक तृतीयांश जागा मज्जारज्जूची, तेवढीच सुळक्याची, उरलेली मोकळी. त्या मोकळ्या जागेने काका वाचले. मान पिरगळली असती तर ती जागाच संपली असती. माडावरून पडलेला पाडेली (नारळ पाडणारा) असो की घसरलेली आजी, मान दुखतेय म्हणाली तर पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसवू नका. आहे तिथेच ठेवा, डोकं न हलवता धरा, १०८ला फोन करा.

‘गेलाच’ म्हणणंही चूक. कवटी मणक्यापासून सुटली तर बरेचजण जागीच जातात, खरं आहे. पण पहिल्या मणक्याचं कडं फुटतं तेव्हा तुकडे सहसा बाहेरच्या बाजूला सरकतात, मज्जारज्जूवर येत नाहीत. दुसऱ्या मणक्याची मागची कमान दोन्ही बाजूंना मोडते, त्याला ‘फाशीचं फ्रॅक्चर’ म्हणतात; हे नाव ऐकून घरचे हबकतात; आज ते बहुधा वाहन अपघातात किंवा पडून होतं आणि पुष्कळांचं कडक कॉलरवर जुळतं.

राहिलं ऑपरेशन. ते सगळ्यांना लागत नाही. लागलंच तर पहिले दोन मणके स्क्रूने जखडतात, मुंबईच्या डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेली पद्धत आज जगभर वापरतात. त्याने मान वळवण्याची साधारण निम्मी क्षमता जाते, हे लपवायचं कारण नाही. मान वरखाली करणं बरंचसं राहतं.

काकांचं ऑपरेशन झालं नाही. तीन महिने कॉलर होती, गिळताना त्रास व्हायचा, हनुवटीखाली कातडी सोलवटली होती. हाड पूर्ण जुळलेलं नाही. मध्ये तंतूंची घट्ट सांधणी झालीय आणि मान पुढेमागे वाकवून काढलेल्या एक्सरेत सुळका हलत नाही. रोज सकाळी पोदेराकडून पाव घ्यायला तेच फाटकापर्यंत जातात.