सॉल्ट वही है!

दिवाळीनंतर रक्त तपासलं, तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 168. इंदूरात रोज सकाळी पोह्यांवर मूठभर शेव पडते, त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही. सौ.ला वाटलं, आणि तेही मोठ्यानं. डॉक्टरांनी ते उतरवायची गोळी, एटोरवास्टॅटिन 10 मिलिग्रॅम, लिहून दिली.

महिनाभर कंपनीची गोळी घेतली. मग जनऔषधी केंद्रात तीच गोळी इतकी स्वस्त दिसली की आधी बरं वाटलं, मग आधीच्या बिलाचा राग आला. डॉक्टर म्हणाले, "घ्या खुशाल, मिलिग्रॅम तेवढे बघून घ्या. दोन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल करू." काउंटरवरच्या पोरानंही दिलासा दिला, "भिया, सॉल्ट वही है."

सौ. शेजारीच उभी होती. "सॉल्ट? अहो, तुम्हाला बीपी आहे! मिठाच्या गोळ्या नकोत."

रामबागेपर्यंत स्कूटरवर मी समजावत होतो. सॉल्ट म्हणजे औषधाचं मूळ द्रव्य. अस्सल गोळी अमेरिकेतली, लिपिटॉर. तिचं पेटंट तिथं 2011 साली संपलं. आपण घेतो ती 'कंपनीची' गोळीसुद्धा तिचीच नक्कल, फक्त थाटात बारसं झालेली. जनऔषधीतल्या जेनेरिकचं बारसं राहिलंय, एवढंच.

"म्हणजे महिनाभर नकली गोळ्या खाल्ल्यात?"

"नकली नाही गं, नक्कल!" हा फरक सांगेपर्यंत सिग्नल हिरवा होऊन परत लाल झाला.

"माहेश्वरी म्हणून कुणी सुरतेची साडी गळ्यात मारली तर घेऊ का मी?"

उदाहरण साफ चुकीचं होतं, पण स्कूटरवर साडीचा विषय निघाला की मी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी एकटाच जाऊन दोन महिन्यांच्या गोळ्या आणल्या आणि जुन्या मेडिकलवाल्याचं नाव छापलेल्या कागदी पाकिटात सरकवल्या. आठवड्यातच पोटऱ्या दुखू लागल्या. या औषधानं स्नायू दुखतात असं वाचलेलं होतंच. स्वस्तातलं शेवटी भोवलं, म्हणत पाकीट उघडलं, तर नव्या पट्ट्या जशाच्या तशा. आठवडाभर मी जुन्या पट्टीतल्याच गोळ्या संपवत होतो.

परवा रिपोर्ट आला, 104. देवासहून आलेल्या भावाला सौ. सांगत होती, "मी गोळी बदलू दिली नाही ना, म्हणून!"

मी मान डोलावली. ते कागदी पाकीट मात्र आता कोपऱ्यातून फाटत चाललंय.