झोपडपट्टीत सगळं फुकट असतं म्हणे, मग पैसे जातात कुठे?

तो मेसेज परत फिरायला लागलाय. दर काही महिन्यांनी येतो, फक्त खालचं नाव बदलतं. ज्यांच्याकडे अजून पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: मुंबईतला मध्यमवर्गीय येडा आहे, वीस वर्षं हप्ते फेडतो आणि टॅक्स भरतो, आणि झोपडपट्टीवाल्याला पाणी फुकट, लाईट फुकट, टॅक्स शून्य, घरात टीव्ही-फ्रिज सगळं, वरून सरकार त्याला फुकट फ्लॅट देतं, तो फ्लॅट विकून हा परत झोपडी टाकतो, आणि हे सगळे बाहेरून आलेले, जागा अडवून घाण करणारे.

मी भांडुपच्या डोंगरावर वाढलो, आई अजून तिकडेच राहते. त्यामुळे घेतो एकेक मुद्दा. सगळे सारख्या वजनाचे नाहीत, काही दोन ओळींत संपतील.

टीव्ही-फ्रिजचा तर लगेच संपतो. सेकंडहँड फ्रिज हप्त्यावर घेतला म्हणून कोणी श्रीमंत होत नाही. सकाळी भाजी करून दिवसभर दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती भाजी संध्याकाळी पत्र्याखाली आंबलेली सापडते, म्हणून फ्रिज. मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याच्या खोलीत पंखा बंद करून बसून बघा, मग कूलरवर बोलू.

लाईट. आकडे टाकून चोरी होते का? होते, नाही म्हणत नाही. पण जुन्या वस्त्यांमध्ये जा, भिंतीवर मीटरची रांग दिसेल आणि बिल नाही भरलं तर कंपनीवाला येऊन वायर काढतो, तो काही बघत नाही तुम्ही बिल्डिंगमध्ये राहता का झोपडीत. जिथे मीटर नाही तिथे तर अजून मजा, तिथे एक 'लाईटवाला' असतो, तो पॉइंटप्रमाणे पैसे घेतो, एका बल्बचे इतके, पंख्याचे इतके, टीव्हीचे वेगळे, दर महिन्याला रोख. भाडोत्री असेल तर घरमालक सबमीटर लावून कंपनीच्या दराच्या वर युनिटचा रेट लावतो. ह्याला फुकट म्हणायचं असेल तर म्हणा, पैसे तर जातातच, फक्त पावती नसते.

आता पाणी. ह्याच्यावर जरा जास्त बोलणार, कारण 'पाणी फुकट' लिहिणारा माणूस कधी रांगेत उभा राहिलेला नाही हे लगेच कळतं.

झोपडपट्टीत पालिकेचं कनेक्शन बहुतेक एका घराला नसतं, गटाला असतं. पाच किंवा जास्त घरं मिळून एक मीटर, त्यातला एक जण सेक्रेटरी, बिल त्याच्या नावावर, तो वहीत लिहून प्रत्येकाकडून पैसे गोळा करतो. अर्ज, कागद, प्लंबर, मेन लाईनपासून गल्लीपर्यंतचा पाईप, तो टाकायची मजुरी, हे सगळं राहणाऱ्यांनीच करायचं. गटाराच्या कडेने पाईपांचे जुडगेच्या जुडगे गेलेले दिसतात ना, ते लोकांनी स्वतःच्या पैशाने टाकलेत, आणि त्यातल्या एकाला चीर गेली की गटाराचं पाणी आत जातं, मग पावसाळ्यात अख्ख्या गल्लीला जुलाब नाहीतर कावीळ, आणि बुडालेला रोज वेगळाच.

आमच्याकडे पाणी पहाटे यायचं. डोंगर असल्यामुळे खालची घरं मोटर लावून खेचायची, त्यांची पिंपं भरेपर्यंत वर नळातून नुसती हवा, फुस्स फुस्स आवाज. मग धार सुरू झाली की आई पाईपच्या तोंडाला जुन्या साडीचा तुकडा बांधायची, पहिलं पाणी लालसर यायचं ते संडासच्या बादलीत, मग पिंप, मग हंडे, सगळ्यात शेवटी कळशी, आणि हे सगळं होईपर्यंत शेजारीण दारात उभी की आता माझा नंबर. ह्या वेळेचे पैसे कोण देतं? पहाटेची झोप घालवून बाई परत आठला कामावर हजर असते.

दराचं पण बोलू. पालिकेचा घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला पाच-सहा रुपयांच्या घरात आहे. झोपडपट्टीचा दर बिल्डिंगपेक्षा थोडा कमी आहे, खरंय, फरक रुपयाच्या आसपास. पण पालिकेच्याच हिशोबात बिल्डिंगमधल्या माणसाला दिवसाला 135 लिटर आणि झोपडपट्टीतल्याला 45 लिटर धरतात. 45 लिटर म्हणजे अंघोळ, कपडे, भांडी, पिणं, संडास सगळं तीन बादल्यांत. आणि ज्यांना कनेक्शनच नाही ते विकत घेतात. दोनशे लिटरच्या ड्रमचे चाळीस रुपये धरले तरी हजार लिटरला दोनशे होतात. करा भागाकार, बिल्डिंगवाल्याच्या तीस-चाळीस पट.

कनेक्शन का नव्हतं? तर सरकारचाच नियम होता, अमुक तारखेनंतरची झोपडी असेल तर अधिकृत पाणी नाही. पाणी हक्क समिती, म्हणजे ह्याच पाण्यासाठी लढणारी संघटना, कोर्टात गेली आणि डिसेंबर 2014 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की घर बेकायदा असलं तरी माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही, जगण्याच्या हक्कातच तो येतो. त्यानंतरही 'सर्वांसाठी पाणी' धोरण यायला मे 2022 उजाडलं. मधली सगळी वर्षं ती माणसं पाणी पीतच होती, म्हणजे कोणाकडून तरी विकत घेतच होती.

संडासचा मुद्दा मेसेजमध्ये 'घाण करतात' एवढाच आहे. सार्वजनिक संडासला पण पैसे लागतात, महिन्याचा पास नाहीतर दर वेळचे सुट्टे, पाच माणसांच्या घराने जोडून बघा. रात्री बायका एकट्या जात नाहीत, कोणाला तरी उठवतात. मानखुर्दला 2017 मध्ये सार्वजनिक संडास खचून माणसं खालच्या टाकीत पडली आणि तिघं मेली. मुंबईत संडासला जाऊन माणूस मरतो, ह्याचा मेसेज कोणी बनवत नाही. कोरोनात जुलै 2020 मध्ये तीन वॉर्डांत रक्ततपासणीचा सर्व्हे झाला तेव्हा झोपडपट्टीत 57 टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी सापडल्या आणि बाहेर 16 टक्के. एकाच संडासाला शंभर घरांनी हात लावायचा तर सोशल डिस्टन्सिंग करणार कसं, सांगा.

टॅक्स. इनकम टॅक्स भरत नाहीत, बरोबर, कारण तेवढं इनकमच नाही, देशातले बहुसंख्य लोक भरत नाहीत. पण मोबाईल रिचार्जवर 18 टक्के जीएसटी आहे तो रिचार्ज मारताना कोणी पत्ता विचारत नाही. आणि प्रॉपर्टी टॅक्सवर उड्या मारणाऱ्यांना एक आठवण: मुंबईत 2022 पासून 500 फुटांपर्यंतच्या घरांना, म्हणजे बिल्डिंगमधल्या फ्लॅटना, प्रॉपर्टी टॅक्स माफ आहे. सोळा लाखांच्या आसपास घरं आहेत ती. त्यांना कोणी फुकटे म्हणाल्याचं ऐकलं नाही. (आणि म्हणू पण नये.)

'बाहेरचे' हे वाचून तर हसायलाच आलं, कारण ज्याने मला पाठवला त्याचे स्वतःचे आजोबा चिपळूणहून आलेत. भांडुप, विक्रोळी पार्कसाईट, घाटकोपरचा डोंगर, मालाडचं कुरार, जाऊन पाट्या वाचा आणि आडनावं विचारा. कोकणातले, साताऱ्याचे, 72 च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेले. 1982 च्या संपानंतर गिरणगावातली किती कुटुंबं खोली सोडून उपनगरात डोंगरावर चढली ते परळ-लालबागच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. युपी-बिहारचे, तमिळ पण आहेत, असणारच, धारावीतली चामड्याची कामं तमिळ लोकांनी उभी केली आणि कुंभारवाड्यातले कुंभार सौराष्ट्रातले, तीन-चार पिढ्या झाल्या त्यांना. आणि काही वस्त्या तर सरकारनेच वसवल्यात. चिता कॅम्प घ्या, मानखुर्दच्या जनता कॉलनीतल्या लोकांना 1976 मध्ये अणुशक्ती केंद्रासाठी उठवून तिथे नेऊन टाकलं. आता त्यांना अतिक्रमण म्हणणार?

जागा अडवल्याचं पण तसंच. 2011 च्या जनगणनेत मुंबईतले साधारण 42 टक्के लोक झोपडपट्टीत निघाले आणि ते शहराच्या दहा टक्क्यांहून कमी जमिनीवर राहतात. जमीन पण कसली, तर डोंगराचा उतार, नाल्याची कड, खाडी, नाहीतर देवनारच्या कचऱ्याच्या शेजारी. मालाडला 2019 च्या जुलैत भिंत पडून तीसच्या आसपास माणसं गेली, ती पालिकेच्या जलाशयाची भिंत होती. चेंबूरला 2021 मध्ये एकोणीस. हौस म्हणून कोणी भिंतीखाली राहायला जात नाही.

आता सगळ्यात लाडका मुद्दा, फुकट फ्लॅट.

पहिली गोष्ट, तो तुमच्या टॅक्समधून येत नाही. 1995 पासून एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना आहे, त्यात बिल्डर पैसे घालतो आणि बदल्यात त्याला जास्तीचा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकाम करायची परवानगी मिळते, त्यातून तो टॉवर बांधून विकतो. जमीन बऱ्याचदा सरकारची असते, हे मान्य, आणि त्यावर भांडायचं तर जरूर भांडू, पण मग 300 फुटांची खोली मिळालेल्यावर आधी का, शेजारी टॉवर विकणाऱ्यावर आधी भांडू.

दुसरी गोष्ट, सगळ्यांना मिळत नाही. 1 जानेवारी 2000 च्या आधीचा पुरावा असेल तर फुकट, 2000 ते 2011 मधले असाल तर अडीच लाख भरा, त्यानंतरचे असाल तर नमस्कार. परिशिष्ट-2 ची, म्हणजे घर कोणाला मिळणार त्याची, यादी लागते त्या दिवशी वस्तीत दहावीच्या रिझल्टसारखं वातावरण असतं, कोण पात्र कोण अपात्र. मतदारयादीत नाव एका वर्षी गाळलं गेलं म्हणून अपात्र, वडिलांच्या आणि मुलाच्या कागदावर स्पेलिंग वेगळं म्हणून अपात्र, पोटमाळ्यावर राहणारा भाऊ तर धरतच नाहीत. पूर्वी प्रोजेक्टला वस्तीतल्या 70 टक्के लोकांची संमती लागायची, ती 2018 मध्ये 51 वर आणली, म्हणजे उरलेल्या 49 जणांनी नको म्हटलं तरी खोली खाली करायची. मग नवीन घर होईपर्यंत बिल्डरने द्यायचे भाड्याचे चेक. पहिले येतात, मग प्रोजेक्ट अडकतो, बिल्डर फोन उचलत नाही, आणि माणूस खिशातून भाडं भरत राहतो, स्वतःची खोली पाडलेली असताना. माझ्या मावशीच्या वस्तीत हे चाललंय, बिल्डरचं नाव इथे लिहीत नाही.

आणि घर मिळालं तरी कुठे आणि कसं ते बघा. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाऊंड आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडमध्ये दोन बिल्डिंगमध्ये जेमतेम तीन मीटर जागा आहे, खालच्या मजल्यांवर दिवसा ट्यूब लावावी लागते, तिथल्या टीबीवर डॉक्टरांचा अभ्यास झालाय. तानसाच्या पाण्याच्या पाईपलाईनच्या कडेच्या झोपड्यांतून उठवलेल्यांना माहुलला रिफायनरीच्या शेजारी पाठवलं, लोक आजारी पडायला लागले, शेवटी 2019 मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की तिथे जबरदस्तीने राहायला लावता येणार नाही.

विकतात का? हो, विकतात काही जण. लिफ्टचा मेंटेनन्स, पंपाचं लाईटबिल, सोसायटीची नोटीस, आणि धंदा गेलेला असतो, कारण दारात पापड वाळवणारी किंवा इडली विकणारी बाई सातव्या मजल्यावर काय करणार. मग मुलीचं लग्न नाहीतर आजारपण निघतं आणि घर जातं. त्यात दलाल आहेत, चार-चार खोल्या अडवून बसलेले दादा आहेत, त्यांना मी वाचवत नाहीये, त्यांच्यावर कारवाई करा ना, कोण अडवतंय.

पण आज वस्तीत जो भाड्याने राहतो, डिपॉझिट भरून दर अकरा महिन्यांनी पिंपं उचलून दुसऱ्या गल्लीत जातो, त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही आणि येणार पण नाही. घरमालकाला फ्लॅट मिळाला तर ह्याला रस्त्यावर यावं लागतं. आता मला सांगा, ह्याने कधी काय विकलं?