सुजलेला पाय चोळू नका: केमोथेरपीच्या रुग्णांविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांत एक संदेश वारंवार फिरतो. पायाला सूज आली तर ती अशक्तपणाची समजून कोमट तेलाने चोळावी, रुग्णाला अंथरुणावरून उठू देऊ नये, आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असल्यास रक्ताची गुठळी होतच नाही, तेव्हा रक्त पातळ करणारी इंजेक्शने बंद करावीत, असे त्यात म्हटले आहे. यातला पहिला सल्ला जिवावर बेतू शकतो.

अशक्तपणाने किंवा रक्तातील प्रथिने घटल्याने येणारी सूज बहुधा दोन्ही पायांवर असते. एकच पोटरी सुजली, दुखू लागली किंवा गरम लागली, तर खोल शिरेतील गुठळीची शंका आधी घ्यावी लागते, कारण कर्करोगाच्या पेशी रक्त गोठण्याच्या क्रियेला स्वतःच चालना देतात. हा संबंध फ्रेंच वैद्य आर्मां त्रुसो यांनी १८६५ मध्ये मांडला होता. स्वादुपिंड, जठर आणि मेंदूच्या कर्करोगात हा धोका विशेष असतो. असा पाय चोळल्यास गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकू शकतो. म्हणूनच जाणती परिचारिका दोन्ही पोटऱ्यांचा घेर एकाच उंचीवर टेपने मोजते, त्याची नोंद ठेवते आणि ३ सेंटीमीटर किंवा अधिक फरक दिसताच डॉक्टरांना कळवते. फरक कमी असला तरी नवे दुखणे सांगायलाच हवे. निदान डॉप्लर सोनोग्राफीने होते.

सक्तीची विश्रांतीही घातकच, कारण पडून राहिल्याने शिरांतील रक्त मंदावते. झेपेल तितके चालणे आणि घोटे हलवत राहणे हितकारक असते.

प्लेटलेटचा मुद्दा सर्वांत फसवा आहे, कारण तो अर्धा खरा वाटतो. प्लेटलेट घटल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो, पण गुठळीचा धोका संपत नाही. एकाच रुग्णात दोन्ही एकत्र नांदू शकतात. साधारणपणे प्लेटलेट ५०,००० किंवा अधिक असताना रक्त पातळ करणाऱ्या औषधाची पूर्ण मात्रा देतात, त्याखाली ती घटवतात आणि २५,००० च्या खाली बहुधा थांबवतात. मात्र हा निर्णय ताजा अहवाल पाहून डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. घरी इंजेक्शन देताना बेंबीपासून ५ सेंटीमीटर दूर, रोज जागा बदलून टोचावे आणि ती जागा चोळू नये. मऊ ब्रश वापरावा, वेदनेसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नये आणि काळी शौच, हिरड्यांतून रक्त किंवा तीव्र डोकेदुखी दिसल्यास त्याच दिवशी कळवावे. अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर केमोच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णाला थेट आपत्कालीन विभागात न्यावे.