मनोकायिक विकारांवर वनौषधी: ‘अपाय नाहीच’ या दाव्याचा प्रतिवाद

मनावरच्या ताणामुळे उद्भवणाऱ्या किंवा बळावणाऱ्या शारीरिक तक्रारींना मनोकायिक विकार म्हणतात. “मनोकायिक विकार हा खरा आजार नव्हेच, म्हणून गोळ्या सोडा आणि पारंपरिक वनौषधी घ्या. त्या नैसर्गिक असल्यामुळे अपाय होत नाही आणि हजारो वर्षांच्या वापराने त्या सिद्ध झाल्या आहेत,” अशा आशयाचा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही.

‘खरा आजार नव्हे’ हे तर उघडच चूक आहे. ताणामुळे आतड्यांची हालचाल बदलते, स्नायू आखडतात, धडधड वाढते. तपासणीचे अहवाल निर्दोष आले म्हणून रुग्णाचे दुखणे खोटे ठरत नाही.

‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. सर्पगंधा या वनस्पतीचा वेड आणि उच्च रक्तदाब यांवरील उपयोग गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये मांडला, १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे काढण्यात आले. पण मेंदूतील सेरोटोनिन या मनःस्थितीशी निगडित रसायनाचे साठे रिते करणाऱ्या याच द्रव्यामुळे काही रुग्णांना नैराश्य आल्याच्या नोंदीही पुढे झाल्या. भेसळीचा आणि जड धातूंचा प्रश्न वेगळाच. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिसे अंगात साठले की पोटात कळा येतात, बद्धकोष्ठता होते, डोके दुखते, चिडचिड वाढते. म्हणजे ज्या तक्रारींसाठी चूर्ण सुरू केले त्याच तक्रारी बळावतात आणि रुग्ण बिचारा चूर्णाची मात्रा वाढवत राहतो.

राहिला प्राचीन वापराचा दाखला. मनोकायिक तक्रारी मुळातच कमीजास्त होत असतात, आणि उपचार मिळतो आहे या भावनेनेही उतार पडतो. त्यामुळे गुण आला तो औषधानेच, हे नकली औषध दिलेल्या रुग्णांशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. अशी तुलना झाली तेव्हा काही वनस्पती कसोटीला उतरल्याही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पेपरमिंटच्या तेलातील मेंथॉल आतड्याच्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे पेटके सैल होतात. मात्र त्यासाठी कॅप्सूलचे आवरण जठरात न विरघळता पुढे लहान आतड्यात विरघळावे लागते, नाहीतर छातीत जळजळ होते. शिवाय परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की चरकसंहितेत औषधयोजनेच्या जोडीला सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरणे, हा स्वतंत्र उपचार सांगितला आहे.

‘गोळ्या सोडा’ हा सल्ला तर कोणीही मानू नये. नैराश्यावरील गोळ्या एकाएकी थांबवल्यास चक्कर, मळमळ आणि निद्रानाश होऊ शकतो. त्यांच्या जोडीला सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेतली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारे वॉरफरिन यांचा परिणामही ती कमी करते. त्यामुळे डॉक्टरांनी ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारल्यावर काढा, चूर्ण, आसव यांची नावेही सांगावीत, आणि गोळ्या कमी करायच्या असतील तर त्यांच्याच देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कराव्यात.