उतारावर मान खालच्याचा (एका प्रतिक्रियेला उत्तर)

स्कीइंग शिकणाऱ्यांनी उतारावर कसे वागावे, याविषयीच्या माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे की, हे सारे युरोपातल्या पैसेवाल्यांचे चोचले आहेत. तिकिटाचे पैसे मोजलेल्या माणसाला उतारावर हवे तिथे उभे राहण्याचा हक्क आहे. कुठेही न लिहिलेले नियम नवख्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. आणि वेगाने येणाऱ्याने नवशिक्याला सांभाळायचे सोडून नवशिक्यानेच अंग चोरून राहावे असे सांगणे ही लाचारी आहे. ऑस्ट्रियात आपण उताराच्या मधोमध, एका उंचवट्याच्या जरा खाली दम खात उभे असताना वरून आलेल्या माणसाने आपल्यावर आरडाओरडा केला, हेही आपण लिहिले आहे. म्युनिकमध्ये राहून हिवाळ्यात ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताच्या वाऱ्या करणाऱ्या आमच्यासारख्यांना असा आरडाओरडा नवा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपण आणि नियम एकाच बाजूला आहात. वेगाने येणाऱ्याने नवशिक्याला सांभाळावे, हाच या शिष्टाचाराचा पाया आहे. उतरणाऱ्याची नजर खाली असते. पाठीमागून कोण येत आहे हे त्याला दिसत नाही. त्यामुळे वरच्याने आपली वाट अशी निवडायची की खालच्याला धोका होणार नाही, आणि त्यात खालचा माणूस पट्टीचा खेळाडू आहे की कालच बूट चढवलेला शिकाऊ, याने काडीचाही फरक पडत नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, तसा इथे मान खालच्याचा. ओव्हरटेक करणाऱ्यासाठी तर नियम असा आहे की, पुढच्याने मुद्दाम केलेल्या किंवा त्याच्याकडून अजाणता झालेल्या कोणत्याही हालचालीला पुरेल एवढी जागा सोडावी. ‘अजाणता झालेली हालचाल’ म्हणजे तोल जाणे, वळण फसणे, नको त्या बाजूला घसरत जाणे, थोडक्यात नवशिक्याचा अख्खा दिवस. नियम करणाऱ्यांनी तो आधीच हिशेबात धरलेला आहे.

हे नियम अलिखित आहेत, हेही पूर्णतः खरे नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 1967 साली उतारावरच्या वर्तनाचे दहा नियम संमत केले आणि तेही, आपल्याला कदाचित गंमत वाटेल, लेबनॉनमधल्या बैरूतच्या अधिवेशनात. ते संसदेने केलेले कायदे नाहीत. परंतु टक्कर होऊन प्रकरण कोर्टात गेले की ऑस्ट्रियातली न्यायालये कोणी किती काळजी घ्यायला हवी होती हे याच नियमांवरून ठरवतात. आल्प्समधल्या बहुतेक स्की-केंद्रांत, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या खालच्या स्थानकाजवळ त्यांचा फलक असतो, आणि भाड्याचे बूट घट्ट करण्याच्या नादात तो वाचायचा राहून जातो. अमेरिकेत महासंघाचे नियम नसून तिथली वेगळी आचारसंहिता चालते, पण खालच्याचा अग्रहक्क तीही मानते. 2023 साली युटामध्ये अभिनेत्री ग्वेनेथ पॅल्ट्रो यांच्यावर एका स्कीवाल्याशी झालेल्या टकरीबद्दल जो खटला चालला, त्यातही वाद मुख्यतः टकरीच्या क्षणी दोघांपैकी खाली कोण होते, याचाच होता.

आता नवशिक्याच्या वाट्याला येणारा भाग. खालच्याला मान आहे तो वरच्याला तो दिसतो या गृहीतकावर, आणि उंचवट्यामागे थांबताच हे गृहीतक कोसळते. ताशी 40 किलोमीटर वेगाने येणारा माणूस सेकंदाला 11 मीटर अंतर कापतो, आणि हा वेग उतारावर मुळीच विलक्षण नाही. उंचवट्याच्या माथ्यावर येईपर्यंत आपण त्याला दिसतच नव्हता. दिसलात तेव्हा त्याच्या हाती जेमतेम एक सेकंद उरला असणार. म्हणूनच अरुंद जागी किंवा वरून न दिसणाऱ्या ठिकाणी थांबू नये आणि पडल्यास शक्य तितक्या लवकर बाजूला व्हावे, असा नियम आहे. थांबण्याला कोणाचीच ना नाही. थांबायचे ते कडेला, आणि पुन्हा निघताना आधी मान वळवून वर पाहायचे. ही मान वळवण्याची सवय स्नोबोर्डवाल्यांनी तर अधिकच लावून घ्यायला हवी, कारण त्यांची एक बाजू कायम पाठीमागे राहते.

हे केवळ शिकाऊंचे दुखणे आहे असेही समजू नका. 1 जानेवारी 2009 रोजी जर्मनीतील थुरिंगिया राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री डीटर आल्टहाउस यांची ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात एका महिलेशी टक्कर झाली. ती महिला दगावली आणि ते स्वतः गंभीर जखमी झाले. दोन उतार मिळतात त्या जागी ते दुसऱ्या उतारात शिरून वरच्या दिशेने गेले होते. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल न्यायालयाने त्यांना दोषी धरून 33,300 युरोंचा दंड केला. ते चांगले सरावलेले होते, मुख्यमंत्री होते. तरी उतारात शिरताना आणि वर सरकताना वर-खाली पाहण्याचा नियम त्यांना माफ झाला नाही. पैसेवाल्यांच्या चोचल्यांना कोर्टात एवढे वजन मिळत नसते.

खरोखर अलिखित म्हणावे असे जे उरते ते बहुतांशी लिफ्टपाशी सापडते. आल्प्समधली रांग ही रांग कमी आणि घोळका जास्त, हे आपले निरीक्षण मला शंभर टक्के मान्य आहे. तरीही त्या घोळक्यात एक गोष्ट कटाक्षाने टाळतात: दुसऱ्याच्या स्कीवर आपली स्की चढवणे. खांद्याला खांदा लागला तर कोणी काही म्हणत नाही, पण स्कीवर स्की घासली की कपाळावर आठ्या पडतात. खुर्चीच्या लिफ्टमध्ये बसल्यावर सुरक्षेचा दांडा खाली ओढण्यापूर्वी शेजाऱ्यांना सांगायचे असते, नाहीतर तो एखाद्याच्या डोक्यावर किंवा मांडीवर आदळतो. वर पोचल्यावर उतरायचे, सरळ पुढे जायचे आणि मगच काठ्या, हातमोजे, मोबाइल जे काय आवरायचे ते आवरायचे, कारण मागची खुर्ची थांबत नाही. उतरण्याची धास्ती वाटत असेल तर चढतानाच कर्मचाऱ्याला तसे सांगावे. तो लिफ्टचा वेग कमी करतो आणि त्यात त्याला कसलेच नवल वाटत नाही.

सर्वांत जास्त फजिती होते ती टी-बारवर, म्हणजे स्कीवर उभ्या असलेल्या दोघांना बर्फावरून वर ओढत नेणाऱ्या लिफ्टवर. उलट्या टी अक्षरासारखा तो आडवा दांडा बुडाखाली येतो आणि नवशिका हमखास त्यावर बसायला जातो. तो बसण्यासाठी नसतोच. पाय सैल ठेवून उभे राहायचे आणि त्याला आपल्याला ओढू द्यायचे. भार टाकला की दोरी लांबत जाते, गुडघे दुमडतात, शेजारचाही तोल जातो आणि दोघे बर्फात. इथवर सगळे क्षम्य आहे, शेजारीही बहुधा हसतो. अक्षम्य काय, तर त्यानंतर दांड्याला लोंबकळत फरफटत जाणे किंवा ओढवाटेतच बसून सुटलेली स्की शोधणे, कारण काही सेकंदांतच मागची जोडी तिथे येणार असते आणि तिला त्या अरुंद वाटेतून बाजूला वळायला जागाच नसते. दांडा सोडून द्यावा, लोळत का होईना पण वाटेबाहेर पडावे, स्की मग शोधावी. वर पोचल्यावरही दांडा भिरकावू नये, तो शांतपणे सोडावा. हे फलकावर क्वचितच दिसते. ते मागच्याकडे पाहून कळते किंवा त्याच्या शिव्या खाऊन.

शिव्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्या अनुभवाकडे येतो. आपण उभे होता ती जागा चुकीची होती, आणि आपल्यावर ओरडणारा माणूसही चुकीचाच होता. उंचवट्यापलीकडचे दिसत नसेल तर वेग आवरायची जबाबदारी त्याची, कारण जेवढे दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे, हाही त्या दहा नियमांतलाच भाग आहे. नवशिक्यावर मागून ओरडणे तर निव्वळ घातक, कारण दचकलेला माणूस आवाजाच्या दिशेने मान वळवतो आणि मान वळते तिकडेच बहुधा घसरतो. स्कीइंग महाग आहे आणि त्या जगात दिखाऊपणाही रगड आहे, हे मी नाकारत नाही. कोणाचे जाकीट कोणत्या कंपनीचे, कोण काळ्या, म्हणजे सर्वांत अवघड उतारावर जातो आणि कोण सोप्या निळ्यावरच रेंगाळतो, यावरून माणसे जोखणारे मीही पाहिले आहेत. त्यांच्यापुढे मान तुकवू नका, असे आपण म्हणालात तर मी आपल्या बाजूने आहे. परंतु त्यांचा राग काढण्यासाठी उताराच्या मधोमध उभे राहिलात, तर धडकणारा बहुधा तिसराच कोणीतरी असेल.

आपण असेही विचारले आहे की, महाराष्ट्रातून गुलमर्गला जाऊन दोन दिवस स्की भाड्याने घेणाऱ्याला या सगळ्याचा काय उपयोग? माझ्या मते त्याला अधिकच उपयोग आहे. गुलमर्गच्या शिकाऊ उतारांवर स्कीवाले, बर्फावरून घसरत जाणाऱ्या स्लेजवर बसलेली कुटुंबे आणि फोटोसाठी पायी चढणारे पर्यटक एकाच बर्फावर असतात. पायी चालणाऱ्याने उताराच्या कडेने जावे, या नियमामागे टकरीखेरीज आणखी एक कारण आहे. बुटांमुळे मऊ बर्फात खोल खड्डे पडतात, रात्री ते गोठून टणक होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्याची स्की त्यात अडकून गुडघा पिरगळतो. यंत्राने उतार सपाट करण्याची सोय नव्हती त्या काळात तर पडलेल्याने उठल्यावर आपल्या पडण्याचा खड्डा स्वतः बुजवावा, असा रिवाजच होता.

शेवटी इटलीतल्या डोलोमाइट्स पर्वतरांगेत जाण्याच्या आपल्या येत्या बेताविषयी. 1 जानेवारी 2022 पासून इटलीत उतारावर स्कीइंग करणाऱ्याकडे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई करणारा विमा असणे बंधनकारक आहे. आपल्या प्रवास-विम्यात स्कीइंग आणि अशी भरपाई दोन्ही धरलेली आहेत का, हे निघण्यापूर्वी तपासा; नसल्यास लिफ्टच्या तिकिटाबरोबरच त्या दिवसापुरता विमा मिळतो, तो घ्या. आणि अपघात झालाच, तर चूक कोणाचीही असो, दोन्ही पक्षांनी आणि साक्षीदारांनीही नाव-पत्ता द्यायचा असतो, हा दहावा नियम आहे.