‘बॅबिलोनमध्ये ज्यूंनी परक्यांचं काहीच घेतलं नाही’ म्हणे!

काल मावशीने घरच्या ग्रुपवर ‘धर्म कसा टिकवावा’ हा मेसेज टाकला आणि सगळ्यांनी पटापट हात जोडले. मेसेजचं म्हणणं असं: बॅबिलोनच्या (आजच्या इराकातल्या) राजाने जेरुसलेम पाडून ज्यूंना साखळदंडांत नेलं, सत्तर वर्षं गुलाम म्हणून राबवलं, पण त्यांनी तिथल्या लोकांचं नाव, भाषा काही घेतलं नाही, व्यवहारही ठेवला नाही. म्हणून धर्म टिकला आणि सुटका होताच सगळे परतले. आपणही शेजारपाजाऱ्यांशी तसंच वागावं, हा वर सल्ला.

काही घेतलं नाही? ज्यूंच्या पंचांगातले महिने बघा: निसान, तम्मूझ, तिश्री. सगळे बॅबिलोनी. तम्मूझ तर तिथला देव! जेरुसलेमचा तट फुटल्याचा उपास ज्यू आजही याच तम्मूझच्या सतरा तारखेला करतात. मेसेजमध्ये बॅबिलोनच्या दरबारी नेलेल्या दानीएल या ज्यू तरुणाचा दाखला आहे. त्याने राजाघरचं अन्न नाकारलं, ही गोष्ट बायबलात आहेच. पण त्याच अध्यायात तो खास्दी, म्हणजे बॅबिलोनच्याच, लोकांची भाषा-विद्या शिकतो आणि त्याला बेलटशस्सर हे नाव मिळतं. तेवढं बरं गाळलं.

व्यवहाराचं म्हणाल, तर अल-याहुदु या ज्यूंच्या बॅबिलोनी गावातल्या मातीच्या पाट्या 2014 मध्ये लॉरी पिअर्स आणि कॉर्नेलिया वुन्श यांनी प्रसिद्ध केल्या. सर्वांत जुनी पाटी इ.स.पू. 572 ची, म्हणजे जेरुसलेम पडून पंधरा वर्षंही झाली नव्हती. त्यांत ही माणसं सरकारी जमीन कसतात, बार्ली-खजुराच्या रूपात देणी भागवतात, कर्जाचे कागद करतात. एकाच माणसाचं नाव एका पाटीवर बेल-शर-उसुर, दुसरीवर याहू-शर-उसुर. ‘राजाचं रक्षण कर’ ही प्रार्थना तीच, देव तेवढा वेगळा: बेल बॅबिलोनी, याहू ज्यूंचा. तरीही पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या नावांत ‘याहू’ येतच राहतो. निष्ठा टिकली ती अशी, देवघेव सांभाळून. यिर्मया संदेष्ट्याने त्यांना पत्रातून हेच सांगितलं होतं: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा आणि ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

साखळदंड अगदीच खोटे नाहीत. ज्यूंच्या सिद्कीया राजाचे डोळे काढून त्याला बेड्या घालूनच नेलं. लोक हौसेने गेले नव्हते. पण आधी नेलेल्या यहोयाखीन राजाला सरकारी कोठारातून तेलाचा शिधा मिळे, त्याच्या नोंदी सापडल्या आहेत. सत्तर वर्षांचं गणित जेरुसलेमचं देऊळ पडल्यापासून नवं उभं राहीपर्यंतचं आहे, चालवून घेऊ.

‘सगळे परतले’ मात्र नाही चालणार. ज्यूंची सुटका करणाऱ्या इराणच्या सायरस राजाने इ.स.पू. 539 मध्ये बॅबिलोन घेतलं. त्यानंतर शंभर वर्षांनीही बॅबिलोनी प्रदेशातल्या निप्पूर शहरच्या मुराशू या सावकार घराण्याच्या दफ्तरात ज्यू शेतकरी भेटतात. बॅबिलोनी ताल्मूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ तर आणखी हजारेक वर्षांनी, त्याच भूमीत तयार झाला. आणि पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधणारे डेव्हिड ससून जन्मले कुठे? त्याच भूमीतल्या बगदादमध्ये.