गच्चीची किल्ली

नागपूरच्या आठ रस्ता चौकातला आमचा कट्टा म्हणजे एका बंद दुकानाची पायरी आणि शेजारची पांडूभाऊची टपरी. मे महिन्यात रात्री दहालाही पायरी गरमच असते, तरी बसतो. परवा बाल्या आला तोच तणतणत. २०२६च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या फायनलला त्याच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर पडदा लावायचं ठरलंय. सामना १९ जुलैचा, पण तिकडे न्यूयॉर्कजवळ दुपारी तीनला सुरू होणार, म्हणजे आपल्याकडे २० तारखेचे रात्रीचे साडेबारा. आणि सेक्रेटरीनं ग्रुपवर टाकलं, बीअर आणाल तर गच्चीची किल्ली मिळणार नाही.

"दारूबंदी वर्ध्यात आहे ना बे? मग आमची गच्ची काहून वर्ध्यात नेऊन राहिले?"

नाना हसले. नाना तरुणपणी कामठीच्या मैदानांवर लेफ्ट विंगला खेळलेले. "बाल्या, कतारनं तर दोन दिवस आधी किल्ली काढून घेतली होती. तुले दोन महिने मिळाले."

ते खरंच. कतारमधला २०२२चा वर्ल्डकप २० नोव्हेंबरला सुरू होणार आणि १८ तारखेला फिफानं, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, जाहीर केलं, स्टेडियमच्या आवारात बीअर नाही. बडवायझर ही बीअर कंपनी प्रायोजक. त्यांनी 'जरा पंचाईतच झाली' अशा अर्थाचं ट्वीट टाकलं आणि पुसूनही टाकलं. स्टेडियमात राहिली ती बिनअल्कोहोलची. दोह्याच्या फॅन फेस्टिव्हलमध्ये मात्र खरी मिळायची, अर्धा लिटर पन्नास रियालला. म्हणजे तेव्हाचे अकराशेच्या आसपास.

"अकराशेत सावजीत चौघं जेवतात," पांडूभाऊ गाळणीतून म्हणाला.

"पण झालं काय?" सुहास म्हणाला. सुहास बँकेत आहे, बोलताना हिशोब मांडतो. "इंग्लंड आणि वेल्सचा एकही माणूस तिथं अटक झाला नाही. बीअर नाही, राडा नाही. संपला विषय."

"संपला कसा? तिथपर्यंत जायचा खर्च पाहिला का? दर शनिवारी राडा करणारा पोट्टा दोह्याले जाईन का बे?"

इथं बाल्याचं मला पटलं. शिवाय हीच फिफा आठ वर्षांआधी ब्राझीलमध्ये नेमकी उलटी वागली होती. ब्राझीलनं स्टेडियममधली दारू बंद केली होती. फिफाचे तेव्हाचे सरचिटणीस जेरोम व्हाल्क म्हणाले, दारू वर्ल्डकपचा भाग आहे, ती असणारच. २०१२ मध्ये ब्राझीलला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. मग २०१४ ची स्पर्धा चालू असतानाच हेच व्हाल्क म्हणाले, इतके प्यालेले लोक पाहून मी चकित झालो.

"म्हणजे सेक्रेटरीच निघाला की हा!" बाल्या खूश.

सुहासनं मग १९८० काढलं. स्कॉटिश कपची फायनल, सेल्टिक विरुद्ध रेंजर्स, ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क. सामना संपल्यावर दोन्हीकडचे लोक मैदानात उतरले, बाटल्या उडाल्या, घोडेस्वार पोलीस आणावे लागले. त्याच वर्षी स्कॉटलंडसाठी स्टेडियममधली दारू बंद करणारा कायदा झाला.

नानांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "त्याच वर्षीची दुसरी सांगू? १६ ऑगस्ट, ईडन गार्डन्स. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. सोळा जण गेले, घरी आलेच नाहीत. तिथं कोण बीअर विकत होतं रे? लोक चहा-मुरमुऱ्यावर आले होते."

मिनिटभर कोणी बोललं नाही. मला हेच म्हणायचं होतं, पण मी १९८९ वर गेलो. इंग्लंडातलं शेफील्डचं हिल्सबरो स्टेडियम. लिव्हरपूलचे ९७ प्रेक्षक चेंगरून मेले. पोलिसांनी सांगितलं, लोक पिऊन होते. कॉरोनरनं, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, मेलेल्यांच्या रक्तातली दारू तपासली, त्यात लहान मुलंही होती. २०१२च्या स्वतंत्र चौकशीत तो आरोप उघडा पडला, २०१६ मध्ये ज्युरीनं सांगितलं की प्रेक्षकांची चूक नव्हती. दोष गर्दी हाताळण्यात होता. सत्तावीस वर्षं लागली. बीअरवर ठपका ठेवणं फार सोपं असतं, ती काही कोर्टात जाऊन जबाब देत नाही. इंग्लंडात १९८५च्या कायद्यानं फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांना आजही खेळ दिसत असेल अशा जागी बसून पिता येत नाही. मग लोक हाफटाइमला मागच्या पॅसेजमध्ये पंधरा मिनिटांत दोन ग्लास घशाखाली ओततात. त्याच स्टेडियमात रग्बी असली की खुर्चीत बसून निवांत प्या. ह्याला काय अर्थ आहे?

"झालं तुझं?"

वैशाली इतका वेळ स्कूटीवर बसून ऐकत होती. ती दवाखान्यात कॅज्युअल्टीला नर्स आहे, ड्यूटीवर जाताना पाच मिनिटं थांबते.

"तुम्ही सगळे स्टेडियमचंच बोलून राहिले. माणूस सामना पाहून जाते कुठं? घरी जाते ना? तिकडं इंग्लंडातल्या लँकशायरमध्ये तीन वर्ल्डकपचा हिशोब काढला होता, २००२, २००६, २०१०. इंग्लंड हरलं की पोलिसांकडं घरातल्या मारहाणीच्या तक्रारी ३८ टक्के वाढायच्या. जिंकलं किंवा बरोबरी झाली तरी २६ टक्के."

"म्हणजे हरण्याचा राग, बीअरचा काय संबंध?" मी.

"मग वेस्ट मिडलँड्सचं ऐक. तिथं इंग्लंड जिंकल्यावर पिऊन केलेली मारहाण ४७ टक्के वाढलेली दिसली. बिनदारूची वाढलीच नाही. आणि रग्बीचं सांगतोस ना, रग्बीच्या सामन्यानंतर असं काही दिसलं नाही. आता बोल."

मी बोललो नाही. हिल्सबरोचं माझं खरंच होतं, अजूनही आहे. पण तिथं गेट होतं, पोलीस होते, कोणाला तरी जबाबदार धरता आलं. फ्लॅट नंबर ३०२च्या आत कोण चौकशी समिती नेमणार?

"ताई, आमच्या गच्चीवर तसे लोक नाहीत," बाल्या हळूच म्हणाला.

"प्रत्येकाच्या गच्चीवर नसतेच रे."

नानांनी विषय हलका केला. बाल्याच्या गच्चीवर अकरावी-बारावीचे पोट्टे येणार, आणि महाराष्ट्रात बीअरला एकवीस वर्षं लागतात, हार्ड दारूला पंचवीस, वर परमिट. "तुह्याकडं परमिट आहे का?" बाल्यानं खिसे चाचपले, जणू तिथं असेल. सुहासनं तोड काढली, मोठ्यांनी माणशी एक बीअर. बाल्या म्हणाला, जादा वेळ आणि पेनल्टी झाल्या तर तीन वाजतात, एक बीअर तीन वाजेपर्यंत कशी पुरवायची? तेव्हा साखळी फेरीतले काही सामने आपल्याकडे सकाळी साडेसहाला आहेत, ते तर्री पोह्यांबरोबर पाहा, असं पांडूभाऊनं सुचवलं. तो टपरी त्या वेळी उघडतोच.

वैशालीनं स्कूटीला चावी लावली.

"फायनलच्या रात्री तू येशील ना?"

"नाइट आहे माही," ती म्हणाली आणि गेली.

बाल्यानं मोबाइल काढला, सेक्रेटरीला काहीतरी टाईप केलं, पुसलं, पुन्हा टाईप केलं. मी डोकावलो तर एवढंच होतं, 'काका, किल्लीबद्दल उद्या बोलतो.'